बिनमालकाची भीती

दुपारी सव्वातीनला प्लास्टरच्या खोलीतला फोन वाजला, तेव्हा ताईंनी नुकताच डबा उघडला होता.

"ताई, करवत घेऊन खाली या," अपघात विभागातली नर्स म्हणाली. "एक मुलगी आणलीय. दोन्ही हात बादलीत आहेत."

"मग काढा बाहेर."

"निघत नाहीयेत, ताई."

ताईंनी डबा तसाच टाकला आणि जिना उतरल्या.

त्या इस्पितळात हाडं जुळवायचे ते डॉक्टर. पण वर प्लास्टर चढवायचं आणि महिन्याभराने ते कापून काढायचं, ते ताईंनी. सव्वीस वर्षं त्या तेच करत होत्या. सगळे त्यांना प्लास्टरताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटात तेवढं उरलं होतं.

मुलगी एकवीस-बावीस वर्षांची. खाटेच्या कडेवर बसलेली. मांडीवर निळी प्लास्टिकची बादली आणि बादलीत मनगटांच्या वरपर्यंत रुतलेले हात. आतलं पांढरं दगडासारखं टणक झालेलं. ताईंनी बादलीला बाहेरून हात लावला आणि झटकन मागे घेतला. किटलीला लावावा तसा चटका बसला.

प्लास्टर घट्ट होताना तापतं. मोडक्या पायावर त्याचा पातळ थर असतो, तेव्हा ती ऊब पेशंटला बरीच वाटते. बादलीभर एकदम कालवलं तर ते आतल्या आत भाजतं, आणि आत जे असेल त्याला सोडत नाही.

मुलगी ओरडत नव्हती. ओरडून ओरडून तिचा आवाजच गेला होता. डोळ्यांवरची काळी पट्टी कोणीतरी कपाळावर सरकवून ठेवली होती.

"किती वेळ झाला?" ताईंनी विचारलं.

"पाऊण तास तरी असेल," तिला घेऊन आलेला पहारेकरी म्हणाला. चित्रकलेच्या कॉलेजचा होता. "सुट्टीचा दिवस, म्हटलं आत कोण असणार? तळघरातून धाडधाड आवाज यायला लागला. जाऊन दार उघडलं, तर ही पोरगी त्या बादलीनेच दार ठोकत होती."

"बाहेरून कडी होती?"

"कडी नाहीच त्या दाराला. गोल मूठ आहे. फिरवली की उघडतं."

फिरवायला हात लागतात.

चाळीस मिनिटं करवत आणि छिन्नी चालली. शेवटी गोळा दोन शकलांत उघडला आणि डॉक्टरांनी मुलीला धावत आत नेलं. ताईंनी ती शकलं कचऱ्यात टाकली नाहीत. जुन्या चादरीत गुंडाळून फडताळात ठेवली. शकलांच्या आत जे दिसत होतं ते त्यांना अजिबात आवडलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आला. मागे याचा घोटा मोडला होता, तेव्हापासूनची ओळख.

"मुलगी कशी आहे?"

"उजव्या हाताचा अंगठा राहिलाय. डाव्याची दोन बोटं राहिलीत. बाकीची काल काढली."

इन्स्पेक्टरने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग वही उघडली. चित्रकलेचं शेवटचं वर्ष, वर्गात पाचच जण. शनिवारी त्यांचं प्रदर्शन उघडायचं होतं. विषय, भीती.

"त्यांच्या सरांची कल्पना भारी आहे," तो म्हणाला. त्याच्या 'भारी'मध्ये कौतुक नव्हतं. "महिनाभर त्यांनी वर्गात अंधार करून भुताखेताच्या गोष्टी सांगायला लावल्या. मग प्रत्येकाने आपली खरी भीती एका चिठ्ठीवर लिहायची. अक्षर ओळखू नये म्हणून डाव्या हाताने. चिठ्ठ्या पेटीत टाकायच्या, प्रत्येकाने एक उचलायची, आणि त्या भीतीवर काम करायचं."

"आपलीच चिठ्ठी हातात आली तर?"

"परत टाकायची, दुसरी काढायची. कोणी कोणाची उचलली ते प्रदर्शनापर्यंत गुपित. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला समोर बसवावं लागलं तर? तर सूचनाफलकावर निनावी कागद लागतो. 'ज्याची भीती अमुक, त्याने अमक्या वेळी अमक्या खोलीत यावं.' त्याने यायचं, डोळे बांधून बसायचं. दोघांनीही एक शब्द बोलायचा नाही. जो बोलेल किंवा पट्टी काढेल, त्याच्यामुळे दोघांचे सत्राचे गुण जातात."

"म्हणजे हिने तोंड मिटून बसायचं होतं."

"हो. हिची चिठ्ठी होती, 'माझे हात निकामी होतील.'"



मुलीला वर्गात रेघ म्हणायचे. कागदावरून पेन्सिल न उचलता एका रेघेत अख्खा माणूस उभा करायची. वडील बस चालवायचे, आई घरी शिवणकाम करायची. दोघांनी पोरीला चार वर्षं शिकवलं होतं. बाहेरच्या देशातल्या शिक्षणाची शिष्यवृत्ती वर्गातल्या एकालाच मिळायची, आणि ती तिलाच मिळणार हे पहारेकऱ्यालासुद्धा माहीत होतं. तिला बरं वाटावं म्हणून वडील काल तिची चित्रांची वही घेऊन आले होते. आईने ती त्यांच्या हातातून ओढून पिशवीत कोंबली. तेव्हापासून ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

"माझा माणूस ठरलाय," इन्स्पेक्टर म्हणाला. "वर्गात एक मूर्तिकाम करणारा पोरगा आहे, त्याला मूर्तीच म्हणतात. पूड त्याच्या पिंपातली, खोली त्याची, बादली त्याची. रविवारी दुपारी घरी झोपलो होतो म्हणतो. साक्षीला कोणी नाही. आज पाचला उचलतोय त्याला."

"नका उचलू."

"ताई, प्लास्टरचं तुम्ही बघा, तपासाचं मी बघतो."

"तुमचा घोटा मीच बांधला होता ना, साहेब? भिजवू नका म्हटलं होतं. आठव्या दिवशी भिजवून आलात. तेव्हाही तुम्हाला सगळं कळत होतं."

इन्स्पेक्टर कानापर्यंत लाल झाला. ताईंनी फडताळ उघडलं.

शकलं टेबलावर ठेवली आणि आत बोट फिरवून दाखवलं. "ही कोरड्या पुडीची गाठ. ही आणखी एक. जागोजागी आहेत. पुडीवर पाणी ओतलं की अशा गाठी राहतात. ज्याचं हे रोजचं काम आहे तो पाण्यात पूड भुरभुरतो. तुमचा मूर्ती पहिल्या वर्षाला शिकला असेल हे."

"घाईत चुकला असेल."

"असेल. आता हे बघा." पोकळीत बोटांच्या खोबणी होत्या. एका हाताच्या बोटांमध्ये दुसऱ्या हाताची बोटं अडकलेली, गच्च. "हात असे गुंफलेले होते. सुटी बोटं असती तर सुरुवातीला हिसडा मारून निघाली असती. ही निघणं शक्यच नव्हतं."

"आणि हे काळं काय आहे?"

गोळ्याच्या वरच्या अंगाला, काठाजवळ, अंगठा दाबल्याचा खड्डा होता. खड्ड्याच्या तळाशी काळा डाग, प्लास्टरमध्ये मुरलेला.

"ठसा पुसट आहे, तुमच्या लोकांना उपयोगाचा नाही. पण डाग बघा. वरून लागलेला असता तर पुसला गेला असता. प्लास्टर खव्यासारखं मऊ असतं ना, त्या दोन-चार मिनिटांत हा अंगठा दाबलाय. घट्ट झालं का ते बघायला. मी दिवसातून दहा वेळा बघते तसंच. माझा अंगठा पांढरा असतो, याचा काळा होता."

"कशाने?"

"ते तिलाच विचारू."

रेघ उशीला टेकून बसली होती. दोन्ही हात पांढऱ्या गाठोड्यांसारखे पुढे ठेवलेले. इन्स्पेक्टर दाराशी थांबला. ताई स्टुलावर बसल्या.

"बाळा, दोनच प्रश्न. याआधी कधी बसली होतीस का अशी?"

"एकदा. आठ दिवस आधी." आवाज अजून फाटलेला होता. "तेव्हा ती दुसरी पूड होती. दातांचा साचा घ्यायला डॉक्टर वापरतात तसली. गार लागते. रबरासारखी होते, हात सुटून येतात. मला वाटलं, या वेळीही तीच असेल."

"तेव्हा बोटं गुंफली होतीस?"

"नाही. तेव्हा मोकळी होती. या वेळी… या वेळी त्यांनी माझी बोटं धरून एकमेकांत घातली."

"गरम लागल्यावर ओरडली का नाहीस?"

"गुण गेले असते ना. मला वाटलं, घाबरवायचंच आहे, तर थोडं गरम असेल." ती थांबली. "खांद्यावर हात ठेवला होता मध्ये. म्हणजे, घाबरू नको असं. मग परत खरखर सुरू झाली."

"कसली खरखर?"

"कागदावर. भरभर. मग दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा मी हात ओढले."

"डोळे बांधलेले, हात अडकलेले, बोलायची बंदी. भीती नाही वाटली तुला?"

"नाही. ओळखीचं…" एवढं बोलून रेघने मान वळवली. "थकले मी, ताई."

ताई उठल्या. दाराशी पोचल्या तेव्हा मागून बारीक आवाज आला, "ताई, शाई आली होती का?"

"कोण शाई?"

"माझ्या खोलीतली मैत्रीण. चार वर्षं एकत्र राहतो आम्ही. कामात असेल म्हणा."

तीन दिवसांत आई, वडील आणि पोलीस सोडून कोणीही आलेलं नव्हतं. ताईंनी ते सांगितलं नाही.

ताईंना घेऊन इन्स्पेक्टर कॉलेजच्या फाटकाशी पोचला, तसा पहारेकऱ्याने सलाम केला आणि लगेच गाऱ्हाणं सुरू केलं. वरच्या चित्रवर्गातली मोरी रविवारपासून तुंबली होती. नळ दुरुस्त करणाऱ्याने खालचा पाइप उघडला, तर आत पांढरा धोंडा.

"प्लास्टर?" ताईंनी विचारलं.

"प्लास्टरच. हात धुतले असतील कोणीतरी तिथे. मूर्तीने ऐकलं तर तो खवळेल. तो कोणाला थेंबभर मोरीत टाकू देत नाही. बादलीत सुकवायचं आणि ठोकून काढायचं, हा त्याचा कायदा."

ताईंनी इन्स्पेक्टरकडे पाहिलं. त्याने वही काढली आणि मूर्तीच्या नावापुढे प्रश्नचिन्ह घातलं.

प्रदर्शनाचं दालन पांढरंशुभ्र होतं. भिंतींलगत पाच कामं, प्रत्येकावर चादर. एक चाळिशी उलटलेला माणूस ओलं फडकं घेऊन गुडघ्यावर बसला होता. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यावर याला शिकायची हौस आली होती. वर्गात सगळे त्याला काका म्हणायचे.

"रोज पुसतो," काका वैतागून म्हणाले. "सोमवारी हिने हा चित्राचा फळा टांगला तेव्हापासून रोज सकाळी खाली काळी भुकटी पडलेली. पांढऱ्या लादीवर किती घाण दिसतं!"

"कोणाचं काम आहे हे?"

"शाईचं. टाक आणि दौत सोडून ती दुसऱ्या कशाला शिवत नाही."

ताई वाकल्या. बोटाने भुकटी उचलली, चोळली. मग सरळ उभ्या राहिल्या.

"साहेब, सगळ्यांना बोलवा. सरांनाही."

सर आले ते चिडूनच. पांढरी दाढी, मऊ आवाज, आणि आपला प्रत्येक शब्द कोणीतरी लिहून घेत असल्यासारखं बोलणं. त्यांच्यामागे मूर्ती, धिप्पाड पोरगा, रडून डोळे सुजलेले. मग गळ्यात कॅमेरा अडकवलेला, ज्याला वर्गात फोटो म्हणायचे तो. आणि शाई. किडकिडीत, शांत, काळ्या कपड्यांतली.

"कोणी कोणती चिठ्ठी उचलली ते माझं विचारून झालंय," इन्स्पेक्टर हळूच म्हणाला. "हातांची चिठ्ठी कोणाकडेच नाही. प्रत्येकाने दुसरीच दाखवली."

"मला ते विचारायचंच नाही." ताई मोठ्याने म्हणाल्या. "मला प्रत्येकाची स्वतःची भीती हवी. पेटीत टाकलेली."

"ते गुपित ठेवायचं हा नियम आहे," सर म्हणाले.

"तुमच्या नियमापायी एक पोरगी भाजत असताना गप्प बसली. आज तो नियम बाजूला ठेवा."

शेवटी काकांनी फडकं पिळलं.

"माझ्या वडिलांना शेवटी आम्ही कोण तेच कळायचं नाही. माझंही तसं होईल. पोरं समोर उभी राहतील आणि मी विचारीन, कोण तुम्ही? ही माझी भीती."

फोटोने एक चादर ओढली. भिंतभर घरगुती फोटो, सगळ्यांचे चेहरे खरवडलेले. "तुमची चिठ्ठी माझ्याकडे आली, काका. आणि माझी म्हणाल तर बंद लिफ्ट. हसायचं असेल तर हसा."

काकांनी आपल्या कामावरची चादर काढली. आतून रंगवलेली, माणूस जेमतेम मावेल एवढी लोखंडी पेटी.

"मला कुत्र्यांची वाटते," मूर्ती पुटपुटला. एवढा मोठा गडी, पण मान वर होईना. तिसरी चादर सरकली. तीस हात लांब कागद आणि त्यावर एका न तुटलेल्या रेघेत धावत येणारी कुत्र्यांची झुंड. रेघचं शेवटचं चित्र. मूर्ती त्याच्याकडे बघून पुन्हा रडायला लागला.

"तुझी गं?" ताईंनी शाईला विचारलं.

"झोपेत उशाशी कोणीतरी उभं असतं, ती." आवाज सपाट होता.

मूर्तीने डोळे पुसत चौथी चादर काढली. मातीची एक उंच बाई, रिकाम्या उशीवर वाकलेली.

राहिला पाचवा फळा. ताईंनी स्वतः चादर ओढली. काळ्या शाईत जळणारा जिना. खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर वेडंवाकडं अक्षर: 'आग.'

"आता मला सांगा," ताई म्हणाल्या, "आगीला घाबरतं कोण?"

कोणीही हात वर केला नाही.

"माणसं पाच, चिठ्ठ्या पाच. काकांची भीती फोटोकडे गेली, फोटोची काकांकडे, मूर्तीची रेघकडे, शाईची मूर्तीकडे. रेघने हात लिहिले होते. तिची चिठ्ठी गेली कुठे? जिच्या फळ्यावर बिनमालकाची भीती चिकटवलेली आहे, तिच्याकडे. ही आग कोणीच पेटीत टाकलेली नाही. ही मागाहून लिहिलीय."

"हे चित्र तर गेल्या वर्षीच्या परीक्षेतलं आहे," काका दचकून म्हणाले. "मला तेव्हाच वाटलं होतं कुठेतरी बघितलंय."

"रेघ घाबरली असेल आणि तिने चिठ्ठीवर आगच लिहिली असेल," शाई म्हणाली.

"सूचनाफलकावरच्या कागदात हात होते. त्या बोलावण्यावरूनच ती आली." ताई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मूर्तीला पूड कालवता येते, तुला येत नाही. म्हणून गाठी राहिल्या. मूर्ती मोरीत हात धूत नाही, तू धुतलेस. म्हणून वरची मोरी तुंबली."

शाई एक पाऊल मागे सरकली. "चूक झाली माझी. दोन्ही पिंपं सारखी आहेत, दोन्ही पुडी पांढऱ्या. मला वाटलं, तीच रबराची आहे. ती ओरडली तेव्हा मी घाबरून पळाले. मला भीती वाटली हो."

मूर्तीने मान डोलावली. फोटोने सुस्कारा टाकला. क्षणभर सगळ्यांनाच ते खरं असावंसं वाटलं.

"चूक झाली असती तर बोटं मोकळी राहिली असती, पहिल्या वेळेसारखी," ताई म्हणाल्या. "या वेळी तू ती धरून एकमेकांत अडकवलीस. मग घट्ट झालं का ते अंगठ्याने दाबून पाहिलंस. तो अंगठा काळा होता, शाईने नाही. शाई ओल्या प्लास्टरमध्ये पसरली असती. तो कोळसा होता. पोरगी तिथे बसलेली असताना तू चित्र काढत होतीस. तिने खरखर ऐकलीय."

"मी कोळसा वापरतच नाही. विचारा कोणालाही."

"तेच तुला नडलं. शाई वाळली की संपलं. कोळशावर फवारा मारून तो पक्का करावा लागतो, नाहीतर झडत राहतो. तो काळा डाग बघून मी काल आमच्या वॉर्डातल्या एका चित्रकार पेशंटला विचारलं, तेव्हा त्याने हे सांगितलं. तुला सवय नाही, तू फवारा मारला नाहीस. शाईच्या चित्राखाली रोज काळी भुकटी कुठून येते, हा प्रश्न फक्त काकांच्या फडक्याला पडला होता. साहेब, फळा उलटा करा."

इन्स्पेक्टरने फळा उतरवला. मागचा तपकिरी कागद नवा होता. त्याने चाकूने तो चिरला. आतून नऊ कागद घसरून लादीवर पसरले.

नऊही कागदांवर रेघचा चेहरा, डोळ्यांवर पट्टी. पहिल्यात ओठांवर हसू. तिसऱ्यात कपाळावर एक आठी. पाचव्यात तोंड किंचित उघडं, काहीतरी विचारू की नको अशा बेतात. आठव्यात गळ्याच्या शिरा. नवव्याकडे मूर्तीला बघवेना. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"फाडून का नाही टाकलीस?" इन्स्पेक्टरने विचारलं.

शाईने पहिल्यांदा मान वर केली. "फाडू? तुम्हाला कळत नाही त्यातलं. चार वर्षं मी दुसरी येतेय. चार वर्षं सर म्हणतात, तुझं काम थंड आहे. सगळ्यांसमोर म्हणाले, 'हे भीतीचं सोंग आहे, मला खरी भीती आणून दाखवा.' मी आणली." तिने श्वास घेतला. "नववा कागद झाला आणि मी निघाले. काम झालं होतं."

ताईंचा हात उठला होता. त्यांनी तो महत्प्रयासाने खाली घेतला. आयुष्यात इतकी घृणा त्यांना कोणाची वाटली नव्हती.

तेवढ्यात सर वाकले. त्यांनी नववा कागद दोन्ही हातांनी, कडांना धरून उचलला. उजेडाकडे नेला.

"जमलंय," सर अगदी हळू म्हणाले. आपण हे मोठ्याने बोललो, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

शाईच्या चेहऱ्यावर हसू आलं. खरंखुरं, लहान मुलीसारखं. इन्स्पेक्टरने तिला दंडाला धरून बाहेर नेलं तेव्हाही ते तसंच होतं.

संध्याकाळी ताई रेघच्या खाटेशी गेल्या. पट्ट्या बदलायच्या होत्या. रेघने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"तुला माहीत होतं ना, बाळा?" ताईंनी विचारलं.

"तिच्या हातांना शाईचा वास येतो. कापरासारखा." रेघ छताकडे बघत होती. "वाटलं, पूड चुकली असेल. घाबरून पळाली असेल. येऊन सांगेल मला. मूर्तीला नेलं असतं तर मी बोलले असते, शपथ. मी फक्त ती यायची वाट बघत होते."

"चुकली नव्हती गं ती."

"बोटं गुंफली तेव्हाच मला…" तिने वाक्य सोडून दिलं. मग विचारलं, "चित्रं काढली तिने माझी?"

"नऊ."

"कशी आहेत?"

ताई पेशंटशी खोटं बोलत नसत. सव्वीस वर्षांत बोलल्या नव्हत्या. "चांगली आहेत," त्या म्हणाल्या.

"पहिल्यात मी हसतेय?"

"हो."

"ती आत आली ना, तेव्हा वास आला. मला वाटलं, बरं झालं, माझी चिठ्ठी हिच्याच हातात पडली." रेघच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायला तिने सवयीने उजवा हात उचलला, आणि पट्टीचं गाठोडं तोंडासमोर धरून तशीच थांबली.

ताईंनी आपल्या पदराने तिचे डोळे पुसले. मग कात्री घेतली आणि उजव्या हाताची पट्टी सोडायला सुरुवात केली.